मुकी तबकडी

४ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी तळघरात होते. शिपाईकाका जिन्यावरून ओरडले, "बहिणीचं पत्र आलंय, वर ये, नाहीतर मीच वाचतो!" नाकातोंडात धूळ गेलेली असतानाच धावत वर आले.

तळघरात मी काय करते ते सांगते. आमच्या संग्रहालयात छापखान्याची यंत्रं आहेत, टेलिफोनची आहेत, घड्याळांची तर दोन दालनं आहेत. पण जुने संगणक खालच्या एका खोलीत प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेत. आमचे मोठे साहेब म्हणतात, "चालत नाही ते यंत्र नव्हे, ते फर्निचर." आणि फर्निचरला जागा नसते, म्हणून ती खोली आता खुर्च्या ठेवायला द्यायची म्हणतात. मी तात्पुरती सहायक. माझं ऐकणार कोण? तरी मी बोलले. म्हटलं, यातला एक मी चालवून दाखवते. ते हसले आणि म्हणाले, "पंधरा मार्चला वर्धापनदिन आहे. त्या दिवशी लोकांसमोर चालला तर खोली तुझी."

यात तुझं काम आहे. या यंत्राला स्वतःचं असं फारसं काही आठवत नाही. त्याला जागं करायला आज्ञा बाहेरून द्याव्या लागतात, आणि त्या काळी त्या आवाजाच्या रूपात कॅसेटवर असत. कॅसेट लावली की नुसती चिरचिर ऐकू येते. आपल्याला ती चिरचिर, पण यंत्र त्यातून अक्षर अक्षर ओळखतं. आमच्याकडची कॅसेट इतकी जुनी आहे की वाजवताना तिच्यावरची तपकिरी भुकटी गळते. कशीबशी एक नक्कल मिळवली आहे.

मला ती तबकडीवर हवी आहे, ताई. कॅसेटच्या डबीत काय चाललंय ते बघायला येणाऱ्या मुलांना दिसत नाही. तबकडी फिरताना दिसते, सुई चरातून जाताना दिसते. गाण्याच्या तबकडीने संगणक जागा होतो, हे एकदा पाहिलेलं पोर जन्मात विसरणार नाही. आणि आवाजाचा चर कोरून अशी एकेकटी तबकडी कापणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. कापशील?

तुझी,
धाकटी

१२ जानेवारी

पदवीबाई,

कापीन. न कापून सांगते कुणाला!

आत्तापर्यंत मी लोकांची गाणी कापली, भाषणं कापली. एका गृहस्थांनी आपल्या कुत्र्याचं भुंकणं कापून नेलं. यंत्राला उठवायची चिरचिर मात्र पहिल्यांदाच. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "रेकॉर्ड ऐकायला आता माणसं उरली नाहीत, यंत्रं तरी ऐकू देत." म्हणजे असंच काहीतरी म्हणाले असावेत. त्यांनी हल्ली मिशा ठेवल्यात, ओठच दिसत नाहीत. माणूस बोलतोय की घास चावतोय, तेच कळत नाही.

आणि एक. मागे एका पत्रात लिहिलं होतंस की तुझ्या साहेबांना तू सांगितलंस, "माझ्या शिक्षणासाठी ताईने शाळा सोडली." हे गावभर सांगत फिरू नकोस. मी शाळा सोडली ती मला गणित येत नव्हतं म्हणून. आई गेल्यावर तुझ्या वेण्या घालायला घरात कुणीतरी हवं होतं हे खरं, पण गणितही येत नव्हतं. घरातल्या पहिल्या पदवीचा फोटो मी यंत्राच्या वर लावलाय, कापताना समोर दिसतो. गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण? मी म्हणते, आमच्याकडच्या मोठ्या बाई.

कॅसेट पाठव. नीट गुंडाळून पाठव, तुझ्या बांधाबांधीवर माझा विश्वास नाही.

ताई

२० जानेवारी

प्रिय ताई,

कॅसेट सोबत आहे. टॉवेलात गुंडाळली आहे. टॉवेल परत पाठव, तो संग्रहालयाचा आहे!

एक विनंती. कापून झाली की मला फोन कर. दुकानातूनच कर, मी पैसे भरीन. तू तिकडे तबकडी लाव आणि रिसीव्हर स्पीकरपाशी धर. मी इकडे ऐकून लगेच सांगेन, जमलंय की नाही. पत्रापत्रीत दिवस जातात आणि माझ्याकडे ते नाहीत. शिवाय तुझा आवाज ऐकून किती महिने झाले! मागच्या वेळी फोन केला तर तू "हो, हो, बरं" म्हणून ठेवूनच दिलास.

हे सगळं मी खोलीसाठी करतेय असं साहेबांना वाटतं. खरं तर मला वाटतं की जे बंद पडलंय ते टाकून द्यायचं, ही सवयच वाईट आहे. एवढी एक खोली वाचली तरी मी काहीतरी केलं असं होईल.

तुझी,
धाकटी

२ फेब्रुवारी

पदवीबाई,

तबकडी निघाली. टॉवेलही निघाला, धुऊन.

फोनचं राहू दे. दुकानातल्या फोनवर नुसती खरखर येते, आणि मालक मीटरकडे बघत बसतात. पत्रच बरं. पत्रात तू एका वेळी एकच वाक्य बोलतेस.

तुझी चिरचिर फारच मंद होती. कापायला घेतली तर काही दमच नाही तिच्यात. मी आवाज चढवला, वरच्या पट्टीतला तर चांगलाच चढवला, तेव्हा कुठे कानाला लागली. आता ठणठणीत झाली आहे. तुझं यंत्र झोपलेलं असलं तरी उठून बसेल.

हलक्या सुईने वाजव. हा थर लाखेसारखा मऊ असतो, फार वेळा वाजवलीस तर झिजेल. पहिल्या दोनचार वेळांतच काय ते काम करून घे.

जेवतेस ना वेळेवर? मागच्या फोटोत गालफडं दिसत होती.

ताई

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तबकडी पोचली. दिसायला इतकी सुंदर आहे की शिपाईकाकांनी तिला हात लावायच्या आधी चष्मा पुसला.

पण चालली नाही. आवाज भयंकर कर्कश आहे, ताई. सुई चरातून उडीच मारते. यंत्र दोन अक्षरं ओळखतं आणि थांबतं. मूळ आवाज मंद नव्हता, मी स्वतः मोजून पाठवला होता. तू तो इतका का चढवलास ते कळत नाही.

मी ग्रंथालयातून तबकडी कापण्यावरचं एक पुस्तक आणलं आणि वाचून काढलं. त्यातली महत्त्वाची पानं तुझ्यासाठी उतरवून पाठवते आहे. वरच्या पट्टीचा आवाज किती ठेवायचा, आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा कुठवर जाऊ द्यायचा, सगळं क्रमाने लिहिलं आहे. कृपा करून तसंच कर. अंदाजाने करू नकोस. गाण्यात थोडं इकडेतिकडे झालं तर माणूस समजून घेतो, यंत्र समजून घेत नाही. आणि पाठवायच्या आधी पूर्ण ऐकून खात्री कर, एवढं तरी कर.

रागावू नकोस. माझी घाई तुला माहीत आहे. चोवीस तारखेला साहेब तालीम बघायला खाली येणार आहेत.

धाकटी

१७ फेब्रुवारी

पदवीबाई,

पानं मिळाली. अक्षर सुरेख आहे.

पुस्तक वाचून तबकड्या कापता आल्या असत्या तर मालकांनी इतकी वर्षं मला कशाला पोसलं असतं? पण असो. तू सांगितलंस तसंच केलंय. काटा तुझ्या खुणेच्या पुढे गेला नाही, मागे आला नाही, छान नाचत होता. अंदाज म्हणून काही केला नाही.

आणि हो, पूर्ण ऐकली. पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकली. छान आलीय. आता बघू, तुझ्या यंत्राला काय ऐकू येतं ते.

ताई

२४ फेब्रुवारी

(संग्रहालयाच्या कागदावर)

मालक, तबकडी कार्यशाळा
यांस,

आपल्या कार्यशाळेतून आमच्या संग्रहालयासाठी कापलेली दुसरी तबकडी आज वाजवून पाहिली. तबकडीवर चर आहे, पण आवाज अजिबात नाही. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी आहे. सोबतच्या पत्रात मात्र आपल्या कारागिरांनी ती "पूर्ण ऐकली" असं स्पष्ट लिहिलं आहे.

सदर कारागीर माझी सख्खी बहीण आहे. तरीही हे लिहिणं मी माझं कर्तव्य समजते. नातं आहे म्हणून चूक झाकली तर कामावरचा विश्वासच उरणार नाही. चूक कुणाच्याही हातून होते. पण काम न तपासता तपासल्याचं सांगणं ही चूक नव्हे, तो अप्रामाणिकपणा आहे. आपण याची चौकशी करावी आणि तिसरी तबकडी आपल्या देखरेखीखाली कापून द्यावी, ही विनंती.

आपली,
सहायक, यंत्र संग्रहालय

२४ फेब्रुवारी

ताई,

आज साहेब खाली आले होते. सोबत दोन पाहुणे. मी सगळं समजावून सांगितलं, सुई ठेवली. तबकडी फिरत राहिली आणि काहीच झालं नाही. चिरचिर नाही, खरखर नाही. आम्ही सगळे त्या फिरणाऱ्या तबकडीकडे बघत उभे. शेवटी साहेब म्हणाले, "फारच शांत स्वभावाचा दिसतोय तुमचा संगणक." पाहुणे हसले. शिपाईकाका तेवढे हसले नाहीत.

मी पुस्तकातली पानं पाठवली याचा तुला राग आला, हे कळलं मला. तो तू असा काढशील असं वाटलं नव्हतं. कोरी तबकडी पाठवायची आणि वर "बघू, यंत्राला काय ऐकू येतं ते" असं लिहायचं! तू मला लहानपणापासून सांगत आलीस की खोटं बोलायचं नाही. म्हणूनच हे लपवून करत नाही. मी मालकांना पत्र लिहिलं आहे. बहीण म्हणून नाही, संग्रहालयाची सहायक म्हणून. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी हेच केलं असतं. नियम सगळ्यांना सारखा.

तुला वाईट वाटेल. मलाही वाटतं आहे.

धाकटी

६ मार्च

सहायकबाईंस,

नमस्कार. आपलं पत्र मिळालं. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. कापण्याच्या यंत्रातली सुईजवळची तार सुटली होती. आवाज मीटरपर्यंत पोचत होता, सुईपर्यंत नाही, त्यामुळे कोरा चर कापला गेला. तार जोडून तिसरी तबकडी मी स्वतः कापली आहे, भिंगातून तपासली आहे आणि दोनदा ऐकली आहे. ती सोबत पाठवत आहे. तिचे पैसे घेणार नाही.

आपण लिहिल्याप्रमाणे चौकशी केली. आपल्या भगिनींना कापण्याच्या कामावरून कमी करून पॅकिंगमध्ये बसवलं आहे. माझ्या दुकानात त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मला याहून जास्त लिहिता येत नाही. बाकी त्यांच्याकडूनच कळेल.

मालक

१० मार्च

प्रिय ताई,

तबकडी चालली. सुई ठेवली, चिरचिर सुरू झाली आणि शेवटी काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका आला. बाणाची कळ दाबली की तो रेघ ओढत जातो. शिपाईकाकांनी त्याच्याकडून घर काढून घेतलं, दार काढायचं विसरले.

पण मालकांचं पत्र वाचून मला काही समजेनासं झालंय. तार सुटली होती म्हणतात. म्हणजे तू मुद्दाम केलं नाहीस. मग ऐकली असं का लिहिलंस? आणि पॅकिंगमध्ये का? मी फक्त चौकशी करा म्हटलं होतं. एका तबकडीसाठी एवढी शिक्षा कुणी करतं का? मी त्यांना लिहू का, की माझी तक्रार मी मागे घेते?

काहीतरी लिही.

धाकटी

१८ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र नाही. दुकानात फोन केला. पॅकिंगमधल्या एक बाई बोलल्या. "ती फोनवर येणार नाही," म्हणाल्या. मी विचारलं, रागावली आहे का? त्या म्हणाल्या, "तुम्हाला खरंच काही माहीत नाही?" आणि फोन ठेवला.

वर्धापनदिन झाला. शाळेची मुलं रांग लावून खाली आली होती. खोली राहिली. साहेब म्हणाले, माझं पदही कायम करतील. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मला एकसारखं वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय.

मला काय माहीत नाही, ताई? सांग ना.

धाकटी

२७ मार्च

पदवीबाई,

तुझी सगळी पत्रं उशाशी आहेत. उत्तर द्यायला शब्द नव्हते असं नाही. शब्द पुष्कळ होते, पण त्यातले बरेच लिहिण्यासारखे नव्हते.

तर सांगते. मला ऐकू येत नाही. आजकालचं नाही, काही वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले, किटलीची शिटी, दाराची घंटा. मग बायकांचे आवाज गेले. त्यात तुझाही गेला. फोनवर तू काय बोलतेस कळेना, म्हणून खरखर येते म्हणत राहिले. पुरुषांचे जाड आवाज अजून थोडेफार येतात. बाकी मी ओठ बघते. मालकांनी मिशा ठेवल्या तेव्हा सगळे हसले, मी घरी येऊन रडले.

तुझी पहिली तबकडी कापताना मला काही ऐकूच येईना, म्हणून चढवत गेले. तू लिहिलंस, कर्कश. तेव्हा कळलं की आता आपल्या कानावर जायचं नाही. म्हणून दुसऱ्या वेळी काट्यावर गेले. काटा नाचत होता. तार काट्याच्या पुढे सुटली होती, ती काट्याला कशी दिसणार? भिंगातून पाहिलं असतं तर चर सरळ आहे, त्यात आवाजाची लाट नाही, हे दिसलं असतं, पण भिंग दुरुस्तीला गेलं होतं आणि तुझी चोवीस तारीख डोक्यावर होती. कापून झाल्यावर तबकडी लावली. स्पीकरवर हात ठेवून बसले. काही नाही. आता तूच सांग, तबकडी मुकी की मी बहिरी, हे मला कसं कळावं? मला वाटलं, मीच. म्हणून लिहिलं, ऐकली.

मालकांनी तुझं पत्र माझ्या हातात दिलं. अक्षर लांबूनच ओळखलं. ते अक्षर मीच तुझ्याकडून गिरवून घेतलंय. वाचून झाल्यावर त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. रेकॉर्ड सुरू झाली की हात वर कर, म्हणाले. दुकानातली सगळी जमली होती. मी उभी राहिले. कान देऊन उभी राहिले, जेवढे होते तेवढे. बराच वेळ गेला तेव्हा न वळताच विचारलं, "मालक, लावताय ना?" कुणी काही बोललं की नाही, देव जाणे. वळून बघते तर रेकॉर्ड संपली होती आणि सुई आतल्या आत गोल फिरत होती. पॅकिंगमधली एक बाई तोंडावर हात धरून रडत होती. मालक जमिनीकडे बघत होते.

ते वाईट नाहीत. दुसऱ्या कुणी मला हाकललं असतं. आता मी तबकड्या पाकिटात घालते. माझ्या खुर्चीत त्यांची सून बसते. हात बरा आहे तिचा.

तू पत्रात खोटं काही लिहिलं नाहीस. तेच खुपतं. शब्दन् शब्द खरा. पण ते पत्र लिहायच्या आधी एकदा मला विचारायचंस, "ताई, काय झालं गं?" मी खोटंच सांगितलं असतं, हेही खरं. तरी विचारायचंस.

खोली राहिली हे बरं झालं. मनापासून लिहितेय.

ताई

३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी मालकांना लिहायला बसले. अर्धं पान झालं आणि लक्षात आलं की मी पुन्हा तेच करते आहे. फाडून टाकलं. तुला विचारल्याशिवाय तुझ्याबद्दल कुणाला एक अक्षरही लिहिणार नाही.

क्षमा मागावी असं मला शंभरदा वाटतं, पण ती मागितली की तुला द्यावी लागेल, आणि तू नेहमी मला जे मागितलं ते दिलंयस. म्हणून मागत नाही.

काल सगळे गेल्यावर मी खोलीत थांबले. स्पीकर काढून ठेवला. आवाज फक्त तारेतून यंत्रात जाईल अशी जोडणी केली आणि सुई ठेवली. काहीच ऐकू आलं नाही. तबकडी फिरत होती. पडदा काळाच. सुई नीट बसलीय का, तार लागलीय का, चाललंय की नाही, काही कळेना. कुणीतरी असावं आणि विचारावं, लागलीय ना, असं झालं मला. मी सगळं माहीत असून घाबरले होते. मग तो ठिपका आला आणि मी खुर्चीत बसून राहिले.

तू रोज अशी बसत होतीस. आणि तुझ्यापुढे ठिपकाही येत नव्हता. तरी गिऱ्हाइकांची गाणी कापत होतीस, मला पत्रात हसवत होतीस. मी माणसांसाठी काहीतरी मोठं करायचं म्हणून घरातून निघाले, आणि माझ्याच एका माणसाला वर्षानुवर्षं माझा आवाज ऐकू येत नाहीये, हे मला कळलं नाही. तू "हो, हो, बरं" म्हणून फोन ठेवायचीस तेव्हा मी रुसायचे.

मुलं रोज येतात. तबकडी झिजायला लागली आहे, मधेच यंत्र चुकतं. मालकांकडून दुसरी मागवायची असं साहेब म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.

मी येऊ का? विचारते आहे. नको म्हणालीस तर येणार नाही.

तुझी,
धाकटी

११ एप्रिल

पदवीबाई,

तबकडी मागव. मुलांचा काय दोष? मालकांची सून कापेल, पाकिटात मी घालीन. मालकांना लिहिलं नाहीस ते चांगलं केलंस.

डॉक्टरकडे मी जाऊन आले आहे. कानाला लावायचं यंत्र देतात, पण गेलं ते परत येत नाही म्हणाले, आहे तेवढंच मोठं होतं. तेव्हा तिकडून माझ्यासाठी पुस्तकं वाचून, पानं उतरवून वगैरे आणू नकोस.

शनिवारी ये. दुपारच्या गाडीने ये, मी घ्यायला येईन. भेटल्यावर रडायचं नाही. रडताना तुझे ओठ वाकडे होतात, मग मला काही कळायचं नाही.

आणि स्थानकावर मी पाठमोरी दिसले तर मागून हाक मारू नकोस. मी वळणार नाही, आणि तुला वाटेल, रागाने वळली नाही. राग आहे. पण न वळण्याशी त्याचा संबंध नाही.

सरळ समोर येऊन उभी राहा.

तुझी,
ताई